७४ टनांचा कॉलम आणि एक लायसन: दोघांचं वेळापत्रक एकाच कागदावर मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणजवळच्या एका फॅब्रिकेशन कारखान्याला बेल्जियममधल्या रासायनिक प्रकल्पासाठी डिस्टिलेशन कॉलमची (द्रवांचं मिश्रण उकळून वेगळं करणाऱ्या उंच नळकांड्याची) ऑर्डर मिळाली आहे. लांबी २८ मीटर, आतला व्यास ३.८ मीटर, वजन अंदाजे ७४ टन, आतून हॅस्टेलॉय सी-२७६ या निकेलच्या मिश्रधातूचं क्लॅडिंग, म्हणजे अस्तर. सोबत दोन कंटेनर भरतील इतके पंप, व्हॉल्व्ह आणि सुटे भाग. माल अँटवर्पला पोचवायचा आहे. जहाज कधी बुक करायचं, स्कोमेटचं, म्हणजे नियंत्रित मालाच्या निर्यातीचं, लायसन लागेल का, आणि लागलंच तर ते माल तयार होत आल्यावर काढलं तर चालेल का, असं विचारलं आहे.

उत्तर आधी सांगतो. लायसन लागणार असं धरून चाला, आणि त्याचं काम व रूट सर्वे, म्हणजे रस्त्याची मोजणी, एकाच आठवड्यात, ऑर्डर हातात आल्यावर पहिल्याच महिन्यात सुरू करा. मोठ्या मालाला मोजकेच रस्ते, मोजके धक्के आणि मोजकी जहाजं चालतात. नियंत्रित मालालाही मोजकेच मार्ग आणि मोजकीच माणसं चालतात. तुमच्या कॉलमला या दोन्ही चाळण्यांतून निघणारा मार्ग हवा. हे काम दोन खात्यांनी दोन टेबलांवर केलं, की डिस्पॅचवाले एक मार्ग ठरवतात, लायसनच्या अर्जावर दुसराच लिहिलेला असतो, आणि माल बंदरात उभा राहतो. मी वीसेक वर्षं प्रोजेक्ट कार्गोच्या, म्हणजे अवाढव्य यंत्रसामग्री पोचवण्याच्या, कामात आहे. बंदरात अडकलेला माल मी भरपूर पाहिला. त्यात वजनामुळे अडकलेला थोडा होता, कागद आणि वस्तू यांचा मेळ न बसल्यामुळे अडकलेलाच जास्त.

सुरुवात मटेरियलपासून करा. दुहेरी वापराच्या, म्हणजे साध्या उद्योगातही लागणाऱ्या आणि शस्त्रांसाठीही वापरता येणाऱ्या मालाची आपली यादी म्हणजे स्कोमेट. ती डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालय चालवतं. २०२३ च्या विदेश व्यापार धोरणातलं दहावं प्रकरण सगळं याच विषयाचं आहे. यादीच्या तिसऱ्या वर्गात '३ डी' हा भाग आहे, त्यात रासायनिक उत्पादनाची उपकरणं येतात. भारत जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुपचा, म्हणजे रासायनिक-जैविक शस्त्रांना लागणाऱ्या मालाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटाचा, सदस्य झाला, आणि या भागातले निकष त्या ग्रुपच्या यादीशी जुळणारे आहेत.

इथे पहिली चूक होते ती अशी. रिअ‍ॅक्टर बनवणाऱ्यांना माहीत असतं की त्यांच्या उपकरणाला वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा आहेत: १०० लिटरपेक्षा जास्त आणि २०,००० लिटरपेक्षा कमी. त्याहून मोठा रिअ‍ॅक्टर त्या नोंदीत बसत नाही. हीट एक्स्चेंजरचंही तसंच, पृष्ठभाग ०.१५ चौरस मीटरपेक्षा जास्त आणि २० चौरस मीटरपेक्षा कमी. त्यावरून कारखान्यात समज पसरतो की माल अवाढव्य असला की यादीतून सुटतो. कॉलमला मात्र खालचीच मर्यादा आहे: आतला व्यास ०.१ मीटरपेक्षा जास्त. म्हणजे १० सेंटिमीटर. तुमचा ३.८ मीटरचा आहे. आकाराच्या निकषात तो कधीच आत येऊन बसला.

दुसरी चूक मिश्रधातूच्या ओळी वाचण्यात होते. यादीत एक ओळ आहे: निकेल २५ टक्क्यांपेक्षा जास्त आणि क्रोमियम २० टक्क्यांपेक्षा जास्त असलेले मिश्रधातू. सी-२७६ मध्ये क्रोमियम साधारण १६ टक्के असतं. तेवढीच ओळ वाचून 'आपला माल यात नाही' असं लिहून दिलेली पत्रं मी पाहिली आहेत. पण निकेल आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त निकेल असलेले मिश्रधातू, अशी वेगळी ओळही त्याच यादीत आहे, आणि सी-२७६ मध्ये निकेल निम्म्याहून जास्त असतं. टायटॅनियम, झिर्कोनियम, टँटलम, काच, फ्लुरोपॉलिमर यांच्याही ओळी आहेत. सगळ्या वाचायच्या.

तुमच्या सुट्या भागांत अ‍ॅलॉय २० किंवा ९०४एल या मिश्रधातूंचे पंप असतील तर तिथे आणखी बारकाई लागते. अ‍ॅलॉय २० मध्ये क्रोमियम १९ ते २१ टक्के चालतं. ९०४एलमध्ये निकेल २३ ते २८ आणि क्रोमियम १९ ते २३. म्हणजे एकाच ग्रेडच्या दोन हीट्सपैकी (एका वेळी वितळवलेल्या घाण्यांपैकी) एक मर्यादेच्या आत आणि एक बाहेर असू शकते. ग्रेडचं नाव वाचून निर्णय होत नाही. मिल टेस्ट सर्टिफिकेट (धातूच्या घटकांचा दाखला) काढा, हीट नंबर पंपाच्या केसिंगवरच्या नंबराशी जुळवा आणि तो आकडा फाइलला लावा. व्हॉल्व्ह १० मिलिमीटरपेक्षा मोठे असले की तपासायचे, पंप सील-लेस किंवा एकाहून जास्त सीलचे असले की तपासायचे. हे सगळं कॉलमच्या नोंदीत मिसळू नका, प्रत्येक टॅग नंबरची (उपकरणाच्या ओळख क्रमांकाची) वेगळी ओळ करा.

आणखी एक शब्द आहे, ज्यावर बऱ्याचदा निकाल फिरतो: प्रक्रियेतल्या रसायनाला लागणारे 'सर्व' पृष्ठभाग. शेल क्लॅड आहे पण आतल्या ट्रे ३१६एल स्टेनलेसच्या आहेत, तर निष्कर्ष वेगळा निघू शकतो. ट्रे, लिक्विड डिस्ट्रिब्युटर, नोझलच्या (पाइप जोडायच्या तोंडाच्या) आतली बाजू, गॅस्केटचा चेहरा, प्रत्येक ठिकाणी कोणता धातू रसायनाला लागतो याची एक पानी तांत्रिक नोंद तयार करा. ती डिझाइन इंजिनिअरने लिहावी आणि त्यानेच सही करावी. आमच्यासारख्या लॉजिस्टिक्सवाल्यांनी ती लिहू नये. डिस्ट्रिब्युटर आणि कलेक्टर सुटे पाठवत असाल तर त्यांचा यादीत स्वतंत्र उल्लेख आहे, हेही लक्षात ठेवा. आणि एचएस कोडवर, म्हणजे कस्टम्सच्या वर्गीकरण क्रमांकावर, विसंबू नका. डिस्टिलेशनची उपकरणं ८४१९ खाली जातात, साधी स्टेनलेसची आणि हॅस्टेलॉयची, दोन्ही. कोड धातू पाहत नाही, स्कोमेट धातूच पाहतं.

तुम्ही लिहिलंय की ग्राहकाच्या म्हणण्याप्रमाणे अमेरिकेतून त्यांनी असंच उपकरण विनालायसन आणलं होतं. ते खरं असू शकतं. अमेरिकेच्या यादीत ही उपकरणं २बी३५० या नोंदीत आहेत, आणि बेल्जियमसारख्या ऑस्ट्रेलिया ग्रुपच्या सदस्य देशाला ती पाठवताना त्या कारणासाठी लायसन लागत नाही. यादीत असणं आणि त्या देशासाठी लायसन लागणं, हे त्यांच्याकडे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडे मात्र स्कोमेटमध्ये असलेली वस्तू देशाबाहेर जाताना, नेमकी सवलत लागू नसेल तर, परवानगी घ्यावीच लागते. तेव्हा ग्राहकाच्या ईमेलवर विसंबून पुढे जाऊ नका. तुमच्या स्किडवर (यंत्रं बसवलेल्या चौकटीवर) अमेरिकी बनावटीचा पंप बसवला असेल तर त्याचा पुनर्निर्यातीचा दर्जा त्या कंपनीकडून लेखी मागवा. आता मागितलात तर आठवड्यात मिळेल. जहाज लागल्यावर मागितलात तर मिळेलच याची खात्री नाही.

आता एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक कारखान्यात चुकते. भाडं मागवण्यासाठी परदेशी फ्रेट फॉरवर्डरला जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग (उपकरणाचा सविस्तर आराखडा) जसंच्या तसं ईमेल होतं. त्यावर नोझल शेड्यूल असतं, धातूची यादी असते, वेल्डचे तपशील असतात, कधी डिझाइनचं तापमान आणि दाबही असतो. स्कोमेटमध्ये वस्तूबरोबर तंत्रज्ञानही येतं, आणि सीमेपलीकडे गेलेली पीडीएफ हीसुद्धा निर्यात ठरू शकते. लॉजिस्टिक्सला यातलं काही लागतच नाही. आमच्या कामात आम्ही वेगळं ट्रान्सपोर्ट ड्रॉइंग करून घेतो. त्यावर बाहेरची मापं, सॅडलच्या (कॉलम टेकवायच्या बैठकांच्या) जागा, गुरुत्वमध्य, रिकामं वजन आणि सॅडलसहित वजन, उचलण्याच्या जागा, आणि कुठे पट्टा लावायचा नाही त्या जागा. एवढंच. धातूचं नाव नाही, आतल्या भागांचं चित्र नाही. डिझाइनवाल्याला हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. तेच ड्रॉइंग ट्रेलरवाला, क्रेनवाला, जहाज कंपनी, सर्वेअर सगळ्यांकडे जातं, त्यामुळे रेव्हिजन बदलली तरी सगळ्यांकडे एकच रेव्हिजन असते.

लायसनच्या अर्जाबरोबर एंड यूज सर्टिफिकेट, म्हणजे माल कोण आणि कशासाठी वापरणार याचा दाखला, लागतं. ते प्रत्यक्ष वापर करणाऱ्या कंपनीच्या लेटरहेडवर, उपकरण कुठे बसणार त्या जागेच्या पत्त्यासह हवं. तुमची पर्चेस ऑर्डर ईपीसी कंत्राटदाराची (प्रकल्प उभारून देणाऱ्याची) आहे, माल उतरवून घेणार त्याचा बंदरातला एजंट, आणि वापरणार तिसरीच कंपनी. तिघांची नावं आणि भूमिका अर्जात वेगवेगळ्या दाखवा. अर्ज डीजीएफटीकडे ऑनलाइन जातो आणि वेगवेगळ्या मंत्रालयांचे प्रतिनिधी असलेल्या गटापुढे ठेवला जातो. या गटाचे प्रश्न परत आले की घड्याळ थांबतं, म्हणून पहिल्याच खेपेला फाइल भरभक्कम हवी. मी माझ्या योजनेत तीन ते चार महिने धरतो आणि कुणी लवकर मिळेल म्हटलं तरी आकडा कमी करत नाही.

माल खरोखर सांगितलेल्या जागी बसणार आहे का, हे पाहण्याची जबाबदारी निर्यातदाराचीही आहे. २००५ च्या सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीच्या कायद्यानुसार, वस्तू यादीत नसली तरी ती अशा शस्त्रांसाठी वापरली जाणार हे माहीत असताना पाठवणं गुन्हा आहे. मोठ्या उपकरणाच्या बाबतीत खरा ग्राहक ओळखायची एक चांगली खूण आहे, ती मी नेहमी वापरतो. ज्याला कॉलम उभा करायचा आहे तो कॉलमच्या आधी अँकर बोल्ट मागतो. त्याचा सिव्हिलवाला बेस रिंगचं टेम्प्लेट मागतो, फाउंडेशनवर येणारा भार विचारतो, वाऱ्याचा हिशेब मागतो, कारण काँक्रीट आधी ओतायचं असतं. शेवटच्या टप्प्यातल्या रस्त्यावरून, क्रेनच्या जागेवरून तो तुमच्याशी वाद घालतो. २८ मीटरचा कॉलम विकत घेऊन यातलं काहीच न विचारणारा, आणि माल एखाद्या फ्री झोनमधल्या गोदामात उतरवायला सांगणारा ग्राहक असेल, तर तिथेच थांबा आणि विचारा. तुमच्या बाबतीत अँकर बोल्टचा पत्रव्यवहार झालेला दिसतो. तो अर्जाला जोडा. मागितलेला नसला तरी तो फाइल बोलकी करतो.

आता रस्ता. दीडेक मीटरवर शेलचा तळ येईल असं धरा: हायड्रॉलिक अ‍ॅक्सलची फळी साधारण १.१५ मीटर, सॅडल ३५ सेंटिमीटर. त्यावर शेल ३.८५ मीटर. म्हणजे ५.३५ मीटर. वरच्या बाजूला २५ सेंटिमीटरचं नोझल आलं तर ५.६. राष्ट्रीय महामार्गावरच्या पुलांखाली साधारणपणे ५.५ मीटर मोकळी उंची धरलेली असते, आणि डांबराचे थर चढत गेले की तीही कमी होते. या १० सेंटिमीटरमध्ये सगळं काम आहे. सॅडलवर कॉलम कोणत्या कोनात झोपवायचा, हे नोझलच्या दिशांवरून आधी ठरवा. मोठी नोझल्स तिरकी किंवा आडवी गेली पाहिजेत, पण मग रुंदी वाढते, म्हणून टोल नाक्याची रुंद लेन मोजावी लागते. हायड्रॉलिक अ‍ॅक्सल खाली बसवून वीसेक सेंटिमीटर मिळतात, पण ते एका पुलाखालून रांगत जाण्यापुरते. सबंध रस्ता तसा चालता येत नाही. आमच्या एका कामात सर्वेनंतर ड्रॉइंगची रेव्हिजन आली, मॅनहोलची दिशा बदलली आणि कुणी कळवलंच नाही. एका पादचारी पुलापाशी रात्री दोन वाजता उंची मोजायची काठी टेकली. ती रात्र आणि पुढचे सहा दिवस आम्ही रस्त्याच्या कडेला काढले. तेव्हापासून सर्वे रिपोर्टवर ड्रॉइंगचा रेव्हिजन नंबर लिहिल्याशिवाय मी तो स्वीकारत नाही.

रूट सर्वे गाडीतून फोटो काढून होत नाही. मोजणीची काठी घेऊन माणूस खाली उतरला पाहिजे. प्रत्येक वायर, प्रत्येक कमान, प्रत्येक वळणाची आतली-बाहेरची त्रिज्या, प्रत्येक पूल किलोमीटरच्या दगडासह लिहिला पाहिजे. चाकणहून बंदराकडे जाताना घाट उतरायचा आहे, आणि २८ मीटर लांबीला घाटातलं एक वळणही पुरेसं असतं. सर्वेच्या आधीच मार्ग ठामपणे सांगणाऱ्या ट्रान्सपोर्टरचं कोटेशन बाजूला ठेवा. रस्ते वाहतूक मंत्रालयाची ओडीसीची (अवाढव्य मालाची) परवानगी ट्रेलर आणि तो ओढणाऱ्या पुलरच्या ठरावीक कॉम्बिनेशनला मिळते; ऐनवेळी दुसरा पुलर लावला तर परवानगीतला नंबर जुळत नाही. महावितरणच्या तारा, रेल्वेचं लेव्हल क्रॉसिंग, वाहतूक पोलिस, यांची वेळ वेगवेगळी घ्यावी लागते. तारीख ठरवताना आपली दिनदर्शिकाही पाहा: गणेशोत्सवाच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी येते, आणि कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या जेट्टीवरून बार्जने नेण्याचा पर्याय जून ते ऑगस्ट बंद धरावा.

दोन तुकडे करून पाठवू का, असंही विचारलं आहे. रस्त्याचा प्रश्न सुटेल, बाकीचे वाढतील. क्लॅड शेलचा जोड साइटवर मारायचा म्हणजे तिथे निकेलचं वेल्डिंग, रेडिओग्राफी आणि पुन्हा हायड्रोटेस्ट. युरोपात प्रेशर इक्विपमेंट डायरेक्टिव्हखाली त्याला तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेची तपासणी लागेल. लायसनवरही 'एक कॉलम' ऐवजी 'कॉलमचे दोन भाग' असं वर्णन लागेल. घाट खरोखर अशक्य ठरला तरच हा विचार करा, आणि तो अर्ज जाण्याआधी करा.

जहाजाकडे वळू. ४० फुटी फ्लॅट रॅकवर (छत आणि बाजू नसलेल्या कंटेनरवर) हा माल मावत नाही. कंटेनर जहाजावर चार-पाच फ्लॅट रॅक शेजारी मांडून त्यांच्या गादीवर असा माल ठेवता येतो, भाडंही कधी आकर्षक वाटतं. पण अशा जहाजाचा माल बहुधा मध्ये एका बंदरात दुसऱ्या जहाजावर चढतो. ७४ टनांचा नग दोनदा जास्त उचलायचा, बहुतेक वेळा तरंगत्या क्रेनने. आणि त्या मधल्या देशाचा निर्यात-नियंत्रण कायदा तुमच्या मालाला लागू होऊ शकतो. मी इथे थेट जाणारं, स्वतःच्या क्रेनचं हेवी-लिफ्ट जहाज घेईन. भाडं जास्त पडेल. तरी उचलणं दोनदाच होईल, आणि मार्गात तिसऱ्या देशाचा कागद येणार नाही. विमानाचा विचार सोडून द्या: एएन-१२४ च्या पोटात वजन आणि लांबी बसते, पण तिथली उंची ४.४ मीटर आहे. सॅडल, नोझल आणि चढवण्याची जागा धरली की काही उरत नाही. शिवाय २०२२ नंतर अशी विमानं बाजारात फार थोडी उरली आहेत.

२०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. मुंबईहून उत्तर युरोपला तो मार्ग सुएझपेक्षा चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी लांब पडतो. म्हणजे हेवी-लिफ्ट जहाजाच्या वेगाने जवळपास दोन आठवडे. पोचण्याच्या तारखेवर दंड असेल तर बुकिंगच्या आधी जहाज कोणत्या मार्गाने जाणार हे लेखी घ्या. आणि केपच्या, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या, बाजूचा समुद्र लॅशिंगची (माल बांधण्याची) परीक्षा घेतो. आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) सीएसएस कोडमध्ये, म्हणजे जहाजावर माल बांधण्याच्या नियमावलीत, एक साधा ठोकताळा आहे: मालाच्या प्रत्येक बाजूच्या लॅशिंगच्या सुरक्षित भारांची बेरीज मालाच्या वजनाइतकी हवी. कॉलम ७४ टन, सॅडल ४ टन, एकूण ७८. तेरा मिलिमीटरची ग्रेड ८ ची साखळी सुमारे २० टनांना तुटते, तिचा सुरक्षित भार निम्मा, १० टन. म्हणजे डावीकडे आठ आणि उजवीकडे आठ साखळ्या, आणि पुढे-मागे सरकू नये म्हणून डेकवर वेल्ड केलेले स्टॉपर वेगळे. हा ठोकताळा झाला. सविस्तर गणित जहाज कंपनीकडून मागवा आणि विमा कंपनीच्या सर्वेअरकडून लोडिंगच्या आधी मंजूर करून घ्या. सॅडलखालच्या आणि आतल्या लाकडावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे कीडमुक्त लाकडाचा आंतरराष्ट्रीय, शिक्का हवाच. लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेला असावा लागतो. कारखान्यात पडलेला एखादा ओंडका ऐनवेळी पाचरीसारखा ठोकला जातो आणि युरोपात तोच एक बिनशिक्क्याचा तुकडा सापडतो. डिस्पॅचच्या दिवशी मी स्वतः टॉर्च घेऊन सॅडलखाली वाकून शिक्के मोजतो.

बँकेचंही आत्ताच पाहा. माल डेकवर जाणार आहे. यूसीपी ६०० च्या, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या, २६ व्या कलमानुसार माल डेकवर लादला आहे असं लिहिलेलं बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) चालत नाही, लेटर ऑफ क्रेडिटने (एलसी, ग्राहकाच्या बँकेची पैशांची हमी) तशी मुभा दिली नसेल तर. तेव्हा एलसीत 'ऑन डेक चालेल' आणि 'भागशः पाठवणी चालेल' ही दोन्ही वाक्यं घालून घ्या. व्यवहार एक्स-वर्क्सवर, म्हणजे ग्राहकाने कारखान्याच्या दारातून माल उचलण्याच्या अटीवर, करू नका. निर्यातीची जबाबदारी कागदावर ग्राहकाच्या फॉरवर्डरकडे जाते आणि लायसन मात्र तुमच्या नावावर असतं. एफसीए किंवा एफओबी ठेवा, त्यांत निर्यातीचे कागद तुमच्याकडे राहतात. करारात डिलिव्हरीची तारीख 'निर्यात लायसन मिळण्याच्या अधीन' असू द्या. विम्याच्या बाबतीत एवढंच लक्षात असू द्या की १९६३ चा समुद्री विमा कायदा प्रवास कायदेशीर आहे हे गृहीत धरतो. लायसनशिवाय गेलेल्या मालाचं नुकसान झालं तर वाद लॅशिंगवर होणार नाही, दाव्यालाच आव्हान मिळेल.

सोबतच्या दोन कंटेनरांना कमी लेखू नका. मला स्वतःला सर्वात महाग पडलेली चूक तिथेच झाली आहे. कॉलमसाठी आम्ही सगळं काटेकोर केलं होतं. व्हॉल्व्हचा कंटेनर मात्र नेहमीच्या लाइनला दिला, स्वस्त पडला म्हणून. तो मधल्या एका बंदरात उतरला आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी नियंत्रित माल म्हणून ट्रान्सशिपमेंटची परवानगी मागितली, जी कुणी काढलेलीच नव्हती. कॉलम फाउंडेशनवर उभा राहिला, आणि त्याला लावायचे व्हॉल्व्ह दुसऱ्या खंडात गोदामात. पाच आठवडे. चूक आमची होती; लाइनने सांगितलेला मार्ग आम्ही वाचलाच नव्हता. सिंगापूर आणि अमिरातींमध्ये अशा मालाच्या ट्रान्झिटसाठी स्वतःचे कायदे आहेत. कंटेनर बुक करताना प्रत्येक ट्रान्सशिपमेंट बंदराचं नाव लेखी घ्या, किंवा ते कंटेनर त्याच हेवी-लिफ्ट जहाजावर कॉलमच्या शेजारी टाका. मी आता दुसरं करतो.

कस्टम्सच्या दिवशी टॅग नंबर तुमचा रक्षक असतो. पर्चेस ऑर्डर, एंड यूज सर्टिफिकेट, लायसन, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल आणि कॉलमवरची नेमप्लेट, सातही ठिकाणी तोच टॅग, तेच वर्णन, तेच प्रमाण. वर्णन सुंदर करण्याच्या नादात इनव्हॉइसवर शब्द बदलू नका. आणि एक जिवाची गोष्ट: गंज टाळायला आपण कॉलममध्ये नायट्रोजन भरून पाठवतो, थोड्याशा दाबाने. तपासणी अधिकाऱ्याने मॅनहोल उघडायला सांगितलं आणि हमालाने आत डोकं घातलं तर माणूस काही क्षणांत कोसळतो. मॅनहोलवर मराठी, हिंदी, इंग्रजी आणि डच भाषेत मोठ्या अक्षरांत पाटी लावा, गेज दिसेल असं ठेवा, आणि आतल्या भागांचे फोटो तारखेसह फाइलमध्ये ठेवा म्हणजे उघडण्याची वेळच येणार नाही. शक्य असेल तर परीक्षण कारखान्यातच, मॅनहोल बंद करण्याआधी करून घ्या.

हाच प्रश्न आयातीतही येतो म्हणून एक ओळ. पुण्यातले बरेच कारखाने मोठ्या पाच-अक्षी मशीन्स जपानहून आणतात. त्यातल्या अनेकांत जागा बदलल्याचं ओळखणारं उपकरण बसवलेलं असतं. मशीन हलली की ती बंद पडते आणि उत्पादकाचा माणूस येऊन सोडवेपर्यंत चालू होत नाही. शेड बदलायची असेल तर क्रेन बोलावण्याआधी त्यांना पत्र लिहा.

वेळापत्रक उलट बाजूने मांडा. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जहाज हवं असेल तर पहिला सर्वे, वर्गीकरणाची नोंद आणि ट्रान्सपोर्ट ड्रॉइंग मे-जूनमध्ये. एंड यूज सर्टिफिकेट जूनअखेर, लायसनचा अर्ज जुलैच्या सुरुवातीला. जहाजांची चौकशी ऑगस्टपासून, पण फर्म बुकिंग लायसन हातात आल्यावरच. माल वेळेवर आला नाही तर डेड फ्रेट, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागेचं भाडं, भरावं लागतं, आणि ते भाड्याइतकंच असू शकतं. दुसरा सर्वे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तोच मार्ग, तीच काठी, कारण पावसाळ्यात रस्ते बदलतात आणि दिवाळीआधी नव्या कमानी उभ्या राहतात. कॉलम बंदरात जहाजाच्या चार-पाच दिवस आधी. महिनाभर आधी नेऊन ठेवला तर बंदराचं भाडं आणि खारी हवा, दोन्ही खातात.

जहाज सुटल्यावरही फाइल बंद करू नका. सगळे कागद किमान पाच वर्षं सांभाळायचे आहेत. कॉलम परत दुरुस्तीला आला, किंवा ग्राहकाने तो दुसऱ्या जागी हलवायचं म्हटलं, तर तुमच्याकडे पुन्हा विचारणा होईल. साइटवर कॉलम उभा राहिला की अँकर बोल्ट कसलेले आणि नेमप्लेटवरचा टॅग वाचता येईल असा एक फोटो ग्राहकाकडून मागवून घ्या, आणि तो लायसनच्या प्रतीला टाचून ठेवा.